बारा फॉर्मांचं पुस्तक

पहाटे साडेपाच

दिवसाचा पहिला तास मी स्वतःच्या आठवणींना देते. एकदा फोन सुरू झाले की उरलेला दिवस दुसऱ्यांच्या आठवणींचा असतो. जुलै संपत आलाय, दमणगंगा दुथडी भरलीय आणि सिल्वासात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हातानंच लिहिते. सध्या चालू असलेलं प्रकरण आम्ही इथे आलो तेव्हाचं आहे. करसवलतींमुळे दादरा नगर हवेलीत कारखाने उभे राहू लागले, आणि नाशिक, धुळे, जळगावकडची पुष्कळ कुटुंबं नोकरीमागे इकडे आली. त्यांतलंच एक आमचं. दुकानात गुजराती, कचेरीत हिंदी, शेजारच्या पाड्यावर वारली आणि घरात मराठी, अशा चार भाषांत नवी नवरी संसार मांडायला शिकली. ते लिहिताना मी एक नियम कटाक्षानं पाळते. जे डोळ्यांनी पाहिलं ते सरळ लिहायचं. जे ऐकलं त्याच्यापुढे कुणाकडून ऐकलं ते लिहायचं. आमच्या प्रकाशनाकडे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला मी हे सांगते, तर माझ्या वहीलाही तोच नियम हवा.

प्रकाशकानं लेखणी हातात धरणं मराठीत नवं नाही. ह. वि. मोटे यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ छापलं. टोपणनावाआड कोण आहे याची चर्चा महाराष्ट्रभर पेटली, लेखिकेवर नाही नाही ते बोललं गेलं, आणि या माणसानं तिचं नाव पोटात ठेवलं. पुढे त्यांनी ‘विश्रब्ध शारदा’मध्ये मोठ्या माणसांची खासगी पत्रं गोळा केली आणि स्वतःचं आत्मचरित्रही लिहिलं. रामदास भटकळांनी ‘जिगसॉ’ आणि ‘जिव्हाळा’मध्ये आपल्या लेखकांची, स्नेह्यांची माणूस म्हणून ओळख करून दिली. पुस्तक छापण्याआधी त्यातला माणूस नीट ऐकून घ्यावा लागतो, आणि या दोघांनी तो ऐकला होता. मी त्यांना गुरू मानते.

सकाळी सात

चहा, डबा, आणि जेवणाच्या टेबलावरच पार्सलं. आमच्या प्रकाशनाला वेगळी कचेरी नाही. पुढच्या खोलीत संगणक, मागच्या खोलीत जमिनीपासून वर फळ्या टाकून रचलेले गठ्ठे. पावसाळ्यात भिंतीला टेकवून पुस्तकं ठेवायची नाहीत, ओल धरते.

सकाळी आठ

गुरुजींचा फोन. आज ज्या पुस्तकाचं काम संपवायचंय ते त्यांचं. ते वारली समाजातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. खानवेलकडच्या मराठी शाळांत उभी हयात गेली. त्यांनी आठवणी लिहिल्या त्याही शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या बाजूंवर.

“ताई, तो शंभराव्या पानावरचा मजकूर काढून टाकू या का? घरचे म्हणतात, कशाला उगीच.”

त्या पानावर एका सावकाराकडे गहाण पडलेल्या वडिलांची हकीकत आहे. सावकाराचे नातू आज गावातच राहतात, गुरुजींशी चांगलं बोलतात. मी म्हटलं, “गुरुजी, हकीकत ठेवा, आडनाव काढू. तुमच्या वडिलांचं दुःख छापायचंय, त्या नातवंडांना शिक्षा द्यायची नाही.” पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “बरं. पण बाबांचं नाव पुरं टाका. कुठल्या कागदावर त्यांचं नाव पुरं नाही आलेलं.”

या एका वाक्यासाठी मी हा धंदा करते, असं म्हटलं तरी चालेल. मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रकाशकाकडे हे हस्तलिखित गेलं असतं तर कदाचित ते छापलंही गेलं असतं. पण शंभराव्या पानाबद्दल सकाळी आठ वाजता लेखकाशी बोलायला तिथे कुणाला सवड झाली असती असं मला वाटत नाही. छोट्या प्रकाशकाकडे पैसा कमी असतो, माणसं नसतात. वेळ मात्र तो देऊ शकतो, आणि त्यानं तो द्यावाच.

फोननंतर शेवटचं प्रूफ. गुरुजींच्या पुतण्यानं अर्धा मजकूर जुन्या श्री-लिपीत टाइप केला होता. तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. विशेषतः ‘ऱ्या’ फुटतो, आणि या पुस्तकात तर पावलोपावली दऱ्या, पायऱ्या, वाऱ्या नि सोयऱ्याधायऱ्यांचा गोतावळा. यंत्रावर विसंबून इथे भागत नाही. ओळीखाली पट्टी धरून एकेक शब्द पाहावा लागतो. वारली बोलीतले संवाद आम्ही जसेच्या तसे ठेवले आहेत. ते ‘शुद्ध’ करायला मी ठाम नकार दिला. गुरुजींची आई पुस्तकी मराठी बोलायला लागली की ती त्यांची आई राहत नाही.

सकाळी दहा

पोस्ट. पुस्तकांसाठीची जुनी रजिस्टर्ड बुकपोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये थांबली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जाहिरातींची पत्रकं आत घालायची नाहीत आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. दोनशे रुपयांचं पुस्तक मोखाड्याच्या वाचकापर्यंत पाठवायला साठ-सत्तर रुपये लागले तर तो पुस्तक मागवणारच नाही. आमच्यासारख्यांच्या धंद्यात कागदाच्या भावाइतकाच पोस्टाचा दर महत्त्वाचा असतो.

आजच्या गठ्ठ्यात मागच्या पुस्तकाच्या चार प्रती खास आहेत. कायद्यानं प्रकाशकाला पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चानं एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला पाठवावी लागते. पुष्कळ लहान प्रकाशक हे करत नाहीत. चार प्रती फुकट गेल्या असं त्यांना वाटतं. मला मात्र ही चार पार्सलं सगळ्यांत मोलाची वाटतात. आमचं घर उद्या पुरात गेलं तरी त्या पुस्तकातल्या दुधनीच्या बाईचं आयुष्य चार शहरांत नोंदलेलं राहील. आणि तो कायदाही १९५४ सालचाच. त्याच वर्षी हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सुटला.

सकाळी सव्वाअकरा

वापी. सिल्वासापासून अठरा किलोमीटर, पावसात आणि ट्रकांच्या रांगांत मात्र तास जातो. छापखान्याचे मालक गुजराती. ते मला “बेन” म्हणतात, मी त्यांना “भाई”. मशिनवरच्या मुलाला मराठी वाचता येत नाही, पण अक्षराच्या आकारावरून शाई कुठे भरली, कुठे उडाली हे तो माझ्याआधी सांगतो.

आजची अडचण अशी: पुस्तक डेमी आकारात. एका फॉर्मात सोळा पानं. बारा फॉर्म म्हणजे १९२ पानं, आणि आपलं पुस्तक भरतंय १९६. चार पानांसाठी तेरावा फॉर्म चढवला तर प्लेट, कागद, छपाई, सगळंच वाढतं. पाचशे प्रतींना एका फॉर्मामागे एक रीम कागद लागतो, वर वाया जाणारा वेगळा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेला कर आम्हाला वजा करून मिळत नाही. तेव्हा चार पानं म्हणजे किमतीत होणारी सरळ वाढ.

भाई म्हणाले, “बेन, पाछळ जे नामोंनी यादी छे, ते काढी नाखो ने.”

मागची यादी म्हणजे गुरुजींच्या पहिल्या वर्गातल्या मुलांची नावं. त्यांतली बहुतेक मुलं चौथीच्या आत शाळेतून गेली, काही वीटभट्टीवर, काही बोटीवर. गुरुजींनी एकेकाच्या नावापुढे पाडा लिहिलाय, आणि पुढे काय झालं तेही, कळलं तेवढं. मी म्हटलं, यादीला हात लावायचा नाही. मग काय काढायचं? एका मान्यवरांची चार पानी प्रस्तावना होती. सद्भावनेनं लिहिलेली, पण तीत गुरुजींविषयी दोन परिच्छेद आणि बाकी आदिवासी साहित्याविषयी सर्वसाधारण विचार. तिथूनच त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. मोठ्या मनानं म्हणाले, “दोन परिच्छेद मलपृष्ठावर घ्या, बाकी काढा.” पुस्तक १९२ पानांत बसलं.

आठवणींच्या पुस्तकाला प्रस्तावना लागतेच असं मला वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पहिल्या ओळीपासून वाचकाला धरून ठेवतात, ती कुणाच्या शिफारशीवर नव्हे.

कागद सत्तर जीएसएमचा मॅपलिथो. या दिवसांत तो हवेतलं पाणी पितो, कडा लाटेसारख्या होतात, आणि तसा कागद मशिनवर घेतला की दोन बाजूंची छपाई एकमेकींवर बसत नाही. भाईंनी रिमा आदल्या दिवसापासून बंद खोलीत ठेवल्या होत्या. बांधणी नुसती डिंकाची न करता फॉर्म शिवून घ्यायचे, हा माझा हट्ट. खर्च वाढतो. पण गावातल्या वाचनालयात पुस्तक शंभर हातांतून जातं. डिंकावरचं पुस्तक दुसऱ्या पावसाळ्यात पानं सोडतं.

अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ची आठवण अशा वेळी येते. १९७७ साली त्यांनी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. २००३ साली ‘भिजकी वही’, जिला कोलटकर गेल्यानंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोजकी पुस्तकं, पण कागदापासून मुखपृष्ठापर्यंत प्रत्येक गोष्ट कुणीतरी मनापासून ठरवलेली. लहान असणं म्हणजे हलकं असणं नव्हे, हे मला त्यांची पुस्तकं हातात धरून कळलं.

दुपारी अडीच

घरी येऊन जेवले आणि तपासणीला बसले. आठवणींचं पुस्तक आहे म्हणून तारखा वाऱ्यावर सोडता येत नाहीत. हा मुलूख सुटला तेव्हा गुरुजी लहान होते. त्यांनी लिहिलं होतं की सिल्वासात तिरंगा लागला तो पंधरा ऑगस्टला. लहान मुलाच्या मनात झेंडा आणि पंधरा ऑगस्ट यांची गाठ पडणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दादरा २२ जुलै १९५४ ला मुक्त झालं, नरोली २८ जुलैला आणि सिल्वासा २ ऑगस्टला.

या तीन तारखांमागे किती वेगवेगळी माणसं आहेत! दादऱ्यात फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांची युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स; पुढे आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके. निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांबरोबर वारलीही उठले होते. प्रत्येक बाजूच्या माणसानं आपली बाजू सांगितली, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात दुसरा थोडा लहान झाला. सुधीर फडक्यांचं ‘जगाच्या पाठीवर’ हे आत्मचरित्र अपूर्णच राहिलं. इथल्या रात्रींविषयी त्यांच्याच हातचं सविस्तर लिखाण आपल्याला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला दर ऑगस्टला वाटतं.

आणि त्याहून मोठी पोकळी पाड्यांची. १९५४ ते १९६१ हा मुलूख ना पोर्तुगालचा होता ना कायद्यानं भारताचा. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला; निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. त्या निकालपत्रात १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आहे, १७८३ आणि १७८५ च्या सनदा आहेत, दमणहून इथे येण्याच्या वाटेचा काथ्याकूट आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये बदलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला पंतप्रधान करून त्यांच्या सहीनं विलीनीकरण झालं. हे सगळं कागदावर पक्कं आहे. पण त्या सात वर्षांत खानवेलच्या बाजारात मीठ कुठून येत होतं, जंगलखात्याचा माणूस येणं बंद झालं तेव्हा वारल्यांना काय वाटलं, शाळा कुठल्या भाषेत सुरू झाली, हे कुठल्या निकालपत्रात सापडणार? ते गुरुजींच्या चाळिसाव्या पानावर आहे. म्हणूनच वाचकापुढे तारीख बरोबर जायला हवी. एका चुकीच्या तारखेवर बोट ठेवून लोक अख्खं चाळिसावं पान नाकारतात.

तारीख मजकुरात बदलली नाही. गुरुजींना जसं आठवतं तसं ठेवून बरोबर तारखेची तळटीप दिली. त्यांना वाचून दाखवली, ते खूश झाले.

संध्याकाळी पाच

खानवेलच्या वाटेवर एका पाड्यावर पुढच्या पुस्तकासाठी. दमणगंगेवर मधुबन धरण झालं, त्या पाण्यात जिचं माहेर गेलं त्या आजीकडे. ती लिहू-वाचू शकत नाही. नात माझ्या फोनवर ध्वनिमुद्रण करते. आजी मला एकेरीच हाक मारते, “तू बस गं बाय, भात खाशील ना?” आणि मला तो मान वाटतो.

मी प्रश्न कमी विचारते. ‘तुम्हाला तेव्हा कसं वाटलं’ हा प्रश्न तर कधीच विचारत नाही. त्यावर लोक जे बोलायला हवं ते बोलतात. आज विचारलं, माहेरच्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं? मग आजी तासभर थांबली नाही. दारासमोरचं मोहाचं झाड, कणगी, वाघदेवाची जागा, कोण कुणाच्या शेजारी राहायचं. नातीनं वहीत गावाचा नकाशा काढायला घेतला आणि आजी बोटानं दुरुस्त करत गेली. तो नकाशा पुस्तकात जसाच्या तसा जाईल. धरणाच्या पाण्यात दुधनीला होडीत बसून फोटो काढणाऱ्या पर्यटकांना पाण्याखाली काय आहे हे ठाऊक नसतं, यात त्यांचा दोष नाही. सांगणारं पुस्तक अजून निघालेलं नाही.

या पट्ट्यातून मराठीला एक थोर पुस्तक मिळालेलं आहे. तलासरी-डहाणूच्या वारल्यांच्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७०. पण ते लढ्यात उतरलेल्या कार्यकर्तीनं लिहिलेलं. वारली बाईनं स्वतः सांगितलेली पुस्तकं अजून फार थोडी आहेत. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’नं काढलं तेव्हा ती वाचकांच्या बळावर उभी राहिलेली चळवळ होती, त्या एका पुस्तकानं किती जणांना लिहितं केलं! इथेही एक पुस्तक निघालं की दुसरं निघतं. मागच्या पुस्तकानंतर गुरुजी आले, गुरुजींचं ऐकून ही नात आजीकडे घेऊन आली.

रात्री आठ

हिशेब आणि करार. लेखकाकडून मी पैसे घेत नाही. मराठीत ती पद्धत रूढ झालीय, आणि तिनं पुष्कळ साध्या माणसांना फसवलंय; गावातला निवृत्त माणूस भविष्यनिर्वाहातून पैसे काढून देतो आणि प्रतींचे गठ्ठे घरी घेऊन बसतो. आमचा मार्ग प्रकाशनपूर्व नोंदणीचा. दोनशेच्या आसपास वाचकांनी आधी पैसे भरले की कागद येतो. कॉपीराइट लेखकाचाच राहतो, मानधन छापील किमतीवर, आणि करार लेखकाच्या घरातल्या शिकलेल्या माणसासमोर मोठ्यानं वाचून सही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत, हे मी प्रत्येक लेखकाला सांगते.

या कामातून माझं घर चालत नाही. शिकवण्या घेते, भाषांतरं करते. पण प्रत्येक पुस्तक स्वतःचा खर्च काढतं आणि पुढच्या पुस्तकाचा कागद देतं. छोट्या प्रकाशनाला याहून जास्त यशाची गरज आहे असं मला वाटत नाही.

रात्री साडेनऊ

भाईंचा फोन: पहिला फॉर्म मशिनवर चढला, रंग नीट आहे, शिलाईला दोन दिवस, २ ऑगस्टच्या सकाळी प्रती सिल्वासात. गुरुजींना कळवलं.

वाचकांना एकच विनंती आहे. सिल्वासा, नरोली, खानवेल, दुधनी, किंवा सीमेपलीकडे तलासरी, जव्हार, मोखाडा इथे तुमच्या घरात १९६१ पूर्वीचं आठवणारं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लिहा. पुस्तक आमच्याकडूनच काढा असं नाही; कुणाकडूनही काढा, पण या वर्षी सुरुवात करा. १९६१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे.